फळ्यावरचे बाबा

विशेषण इंग्रजी वाक्यात कुठे कुठे बसतं, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. नामाच्या आधी बसतं. 'इज', 'वॉज', 'लुक्स' असलं काही आलं की त्याच्या मागून येऊन बसतं. आणि 'मेड', 'फाउंड', 'केप्ट' असल्या क्रियापदांनी कुणाचं काही करून ठेवलं, की ज्याचं केलं त्याच्या पाठीला जाऊन चिकटतं. हयातभर इंग्रजी शिकवून पोट भरलं, तेव्हा एवढं पाठ असायलाच हवं. पण मला ते पाठ आहे ते नोकरीमुळे नव्हे. ते मला बर्वे बाईंनी शिकवलं, आणि उदाहरणाला माझे बाबा घेतले. बर्वे बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

आम्ही घाटकोपरला डोंगरावर राहायचो. आता तिथे खालून मेट्रो जाते आणि आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभा आहे. माझी मुलगी म्हणते, आई, तू तर व्ह्यूवाल्या घरात वाढलीस. व्ह्यू होता खरा: खालच्या घरांचे पत्रे, पत्र्यांवरच्या ताडपत्र्या, ताडपत्र्यांवर टाकलेले जुने टायर आणि त्यांच्याही पलीकडे धुरकट खाडी. पण बघायला वेळ कुणाला होता? आई डबे करायची. आधी आमच्याकडे गिरणीतल्या गावकऱ्यांची खाणावळ होती. गिरण्या बंद पडल्या, ती माणसं वळकट्या बांधून गावाला गेली, तेव्हा आईने स्टेशनाजवळच्या ऑफिसांतल्या पोरांचे डबे धरले. सकाळी जाग यायची ती स्टोला पंप मारण्याच्या आवाजाने. मग पाट्यावर वरवंटा फिरायचा, मग भाकऱ्या थापल्याचा पटपट आवाज, मग डब्यांच्या कड्या. डब्यांत चपाती-भाजी जायची आणि आम्हाला कुळथाची पिठी, भात आणि तव्यावर भाजलेला सुका बांगडा. बांगड्याचा वास सुटला की चाळीतलं मांजर माझ्याआधी पानावर हजर असायचं. अजूनही मला भूक लागते ती त्याच वासाने. बाकीच्या वासांनी नुसती खायची इच्छा होते.

बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. त्या खडखडाटात उमेदीची वर्षं काढलेली माणसं हळू बोलूच शकत नाहीत. बाबांनी 'वायच मीठ दी गो' म्हटलं की चौथ्या खोलीतली बाई मीठ घेऊन यायची. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि एवढा मोठा आवाज असलेला माणूस घरात बसला. बसला म्हणायचं ते आपलं लोक म्हणतात म्हणून. पहाटे डोंगराच्या पायथ्याच्या नळावर नंबर लावून बाबा आमचे आणि शेजारच्या म्हातारीचेही हंडे वर चढवायचे, भाजी आणायचे, नारळ खोवून द्यायचे, डबे पोचवायचे. पण घराबाहेर पगाराला न जाणाऱ्या पुरुषाला आपल्याकडे काम नाही असंच धरतात, आणि बाबाही तसंच धरायचे. कुणी 'सध्या काय?' विचारलं की ते चपलेकडे बघायचे.

एक गोष्ट मात्र संपाला त्यांच्याकडून काढून घेता आली नाही. ती म्हणजे गाऱ्हाणं. आमच्या मालवणी मुलखात पूजा असो, लग्न असो, आधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. मानाचा माणूस हात जोडून खड्या आवाजात देवाला सगळं सांगतो: कोण जमलंय, काय केलंय, काय चुकलंय, काय पाहिजे. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मध्ये उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. ज्याच्यासाठी मागणं चाललंय त्याने तर म्हणायलाच हवं, नाहीतर देव काय देईल? आणि एकदा घातलेलं गाऱ्हाणं ज्याने घातलं त्यालाच मागे घेता येतं, दुसऱ्या कुणाला नाही. गावाला हा मान आमच्या घराकडे होता आणि चाळीतही तो बाबांकडेच आला. पूजेच्या दिवशी धुतलेला लेंगा-सदरा घालून ते चौरंगापुढे उभे राहायचे तेव्हा 'सध्या काय?' विचारणारेच खाली मान घालून व्हय म्हणत असायचे.

आठवीत इंग्रजीत माझी वाट लागली होती. मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, तेही घोकून. आईच्या डब्याच्या गिऱ्हाइकांपैकी एका पोराने बर्वे बाईंचं नाव सांगितलं. बाई लाइनीच्या पलीकडे, पूर्वेला राहायच्या, पहिल्या मजल्यावर, आणि घरीच क्लास घ्यायच्या. हॉलमध्ये सतरंजी, भिंतीला फळा. कडक इस्त्रीची साडी, खडूला कागदाची गुंडाळी, म्हणजे बोटं पांढरी होऊ नयेत. संकष्टी आणि मंगळवार असे दोन्ही उपास करायच्या आणि उपासाच्या दिवशी जास्त रागवायच्या. शिकवायच्या उत्तम. हे मला कबूल करावं लागतं, आणि कबूल करताना दात-ओठ खावे लागतात. त्यांची एक पद्धत होती, तिचं त्यांना फार कौतुक. पुस्तकातली उदाहरणं मेलेली असतात, म्हणायच्या. उंच झाड, लाल चेंडू, कुणाला काय त्याचं? उदाहरण जिवंत पाहिजे. म्हणून त्या वर्गातलंच एखादं पोर घेऊन त्याच्यावर वाक्यं करायच्या. पुढच्या रांगेत बिल्डिंगमधली मुलं बसायची, त्यांच्या वाट्याला क्लेव्हर, नीट, पोलाइट यायचं. जसजसं मागे जावं तसतशी विशेषणं उतरत जायची. एकीला स्लो मिळालं होतं, एकाला डर्टी. आम्ही मागच्या रांगेतली पोरं आपापलं विशेषण वहीत उतरवून घ्यायचो आणि त्याचा 'स्लो, स्लोअर, स्लोएस्ट' असा तक्ता पाठ करायचो. बाईंच्या मते त्यामुळे व्याकरण पक्कं बसायचं. बसलं खरं.

बाबा मला पोचवायला यायचे. पूल चढून उतरून एवढ्या लांब पोरीने एकटीने जायचं नाही, हे कारण. खरं म्हणजे त्यांना कुठेतरी वेळेवर जायला आवडायचं. मला वर सोडलं की ते खाली इमारतीच्या पायरीवर बसायचे. पहाटेपासून हंडे चढवलेला माणूस, पायरीवर सावली आणि वारा, डुलकी लागायचीच. येणारे-जाणारे त्यांना ओलांडून जायचे. बाईंना ते खपायचं नाही.

"शैला, तुझे वडील काय करतात गं?" एकदा त्यांनी भर वर्गात विचारलं.

"गिरणीत होते."

"आता?"

"आता घरी असतात."

"घरी कुठे? आमच्या पायरीवर असतात," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या रांगेला हसायची परवानगी मिळाली.

विशेषणाच्या जागांचा धडा आला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी. बाईंनी फळ्याचे तीन भाग केले. मग खाली गल्लीकडे एक नजर टाकली आणि लिहायला घेतलं. पहिल्या भागात: 'शैला हॅज अ लेझी फादर.' शैलाला एक आळशी बाप आहे. दुसऱ्यात: 'हर फादर इज यूसलेस.' तिचा बाप निकामी आहे. तिसऱ्या जागेला जरा थांबल्या, कारण ती जागा अवघड, तिला चांगलं उदाहरण लागतं. मग लिहिलं: 'द स्ट्राइक मेड हर फादर यूसलेस.' संपाने तिच्या बापाला निकामी केलं. प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "बघा, एकच माणूस, पण विशेषण तीन जागी बसलं. लिहून घ्या." पोरं लिहून घेऊ लागली. मी पेन्सिल हातात धरून बसले होते, आणि तेवढ्यात दारात बाबा.

त्यांना कुणीतरी पायरीवरून उठवलं होतं. जाणार कुठे, म्हणून वर आले आणि चपला हातात धरून दारात उभे राहिले. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. पण रोज संध्याकाळी मी मोठ्याने अभ्यास करायचे आणि ते शेजारी बसून बघायचे. 'माय फादर' हा निबंध मी घरी लिहिला तेव्हा त्यातला आपला शब्द कुठला हे त्यांनी मला विचारून घेतलं होतं, आणि तेव्हापासून फादर हा शब्द त्यांना दिसला की ओळखू यायचा. 'माझो शबूद' म्हणायचे ते त्याला. आता त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी अजून विसरलेले नाही.

"शैला! हो माझो शबूद मा गो?" ते म्हणाले, म्हणजे सगळ्या इमारतीने ऐकलं. "तीन फावटी लिवलो हा! काय लिवल्यानी गो बाईंनी माझ्याबद्दल?"

पुढच्या रांगेतल्या एकाने तोंडावर हात धरला. मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या उजव्या हातात खडू होता आणि डाव्या हातात डस्टर. एक हात फिरवला असता तर फळा कोरा झाला असता.

त्यांनी हात फिरवला नाही.

"चांगला लिवल्यानी हा, बाबा," मी म्हटलं. "कष्टाळू म्हणान लिवल्यानी."

"तिनय जागी?"

"तिनय जागी."

बाबांनी चपला खाली ठेवल्या आणि हात जोडले. "बाई, मी अडाणी माणूस. गिरण गेल्यापासून माझ्याबद्दल बरा असा कोण बोलाक नाय. तुमी तर फळ्यार लिवलात. खूप उपकार झाले."

आणि बर्वे बाई हसल्या. प्रसन्न हसल्या, मान तुकवली आणि म्हणाल्या, "असू दे, असू दे." त्यांनी ते आभार घेतले. वाक्यं मी कधीतरी विसरलेही असते. मागच्या रांगेत बसून आम्हाला तशी सवय झाली होती. पण माझ्या बाबांच्या जोडलेल्या हातांमधून त्यांनी जे उचललं आणि हसत पदरात टाकलं, त्याची भरपाई व्हायची होती. त्या दिवशी मी डूख धरला.

घरी बाबांनी आईला सगळं साग्रसंगीत सांगितलं. म्हणजे चाळीलाही कळलं. आईने दुसऱ्या दिवशी शिरवाळे केले, नारळाच्या गोड रसातले, जे आमच्याकडे एरवी सणालाच व्हायचे. बाबा फळ्यावर चढले म्हणून. मला घास उतरेना. बाबा म्हणाले, "खा गो चेडवा, बाईंमुळे खातंस." मी खाल्लं आणि त्यांच्या नकळत रडले. नंतरच्या दिवसांत बाबा बदलले. दाढी रोज करू लागले. 'सध्या काय?'ला 'हा काय, चेडवाच्या क्लासाक जातंय' असं मान वर करून उत्तर द्यायला लागले. त्या खोट्या शब्दावर तो माणूस उभा राहिला होता, आणि तो शब्द खोटा आहे हे माहीत असलेली पंधरा-वीस पोरं नि एक बाई रोज माझ्यासमोर होती. पायरीवर बसलेल्या बाबांना एखादं पोर कधी काय बोलून जाईल, या भीतीने मी क्लास सुटला की सगळ्यांच्या आधी खाली पळायचे.

आधी मी पोरकटपणा केला. आईच्या डब्यातला सुका बोंबील कागदात गुंडाळून नेला आणि फळ्याच्या मागे सरकवला. बाईंनी उंदीर मेला म्हणून सगळं कपाट रिकामं केलं, कापूर जाळला, पुढची रांग नाकाला रुमाल लावून क्लेव्हर आणि पोलाइट होत राहिली. मजा आली. पण समाधान झालं नाही. खोडी आणि सूड यांत फरक आहे, तो मला तेव्हा समजला. खोडीत समोरच्याला कळत नाही हे का झालं. सुडात कळावं लागतं.

संधी दळवीकाकांनी दिली. ते आमच्या मंडळाचे सेक्रेटरी. मंडळाच्या सत्यनारायणाला गुणी विद्यार्थ्यांना कंपासपेट्या द्यायचं ठरलं आणि त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून कुणीतरी शिकलेलं हवं होतं. बाबांनी लगेच बर्वे बाईंचं नाव सुचवलं. दळवीकाका म्हणाले, "झकास! मॅडमना मिस्टरांसकट बोलावू या." बाई तयार झाल्या. डोंगरावर खूप मुलं होती आणि त्यांना क्लास वाढवायचा होता. त्यांचे मिस्टर मुलुंडकडच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्या दिवसांत तिथे युनियनची धुसफूस चालली होती. क्लास चालू असताना बाई शेजारणीशी दारात कुजबुजायच्या ते माझ्या कानावर आलं होतं. "टाळं लागलं तर काय गं करायचं? या वयात ह्यांना कोण घेणार?" हे वाक्य मी जपून ठेवलं होतं.

पूजेच्या आदल्या संध्याकाळी बाबा आरशापुढे मिशी कातरत होते. "शैला, उद्या बाईंसाठी देवाकडे काय मागू गो?" त्यांनी विचारलं. "त्येंचे उपकार हत. बरा कायतरी मागाक होया."

मला विचार करावा लागलाच नाही. जणू कुणी आधीच करून ठेवला होता. "बाबा, बाईंनी तुमच्याबद्दल फळ्यार जा लिवल्यानी, ता सगळा त्येंच्या घरकाराक लागू होव दी, असा मागा." आमच्याकडे नवऱ्याला घरकार म्हणतात.

बाबांनी कात्री थांबवली. "तुका बरा सुचता गो!" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पटांगणात मांडव, केळीचे खांब, रव्याचा प्रसाद. बाई आणि मिस्टर पहिल्या ओळीत खुर्च्यांवर. मी बायकांच्या बाजूला, बाईंच्या समोर येईन अशी जागा धरली. बाबा चौरंगापुढे उभे राहिले, हात जोडले, आणि आवाज लागला.

"बा देवा सत्यनारायणा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या डोंगरार तुझी लेकरां जमली हत, वर्सासारखी तुझी सेवा केली हा, ती गोड मानून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची गिरण गेली, कोणाचो रोजगार गेलो, त्येंका पुन्हा उभे कर, म्हाराजा!"

इथे चाळीचा व्हय थोडा ओला आला. बाईंचे मिस्टर सज्जन गृहस्थ, त्यांना आमच्यासारखं म्हणता येत नव्हतं तरी ते शुद्ध मराठीत 'होय महाराजा' म्हणत होते. बाई नुसतेच ओठ हलवत होत्या.

"आज आमच्यात बर्वे बाई नि त्येंचे घरकार इले हत. बाई आमच्या पोरांका शिकवतत. बाईंनी फळ्यार माझ्याबद्दल तीन वाक्या लिवल्यानी. जा त्येंनी माझ्याबद्दल लिवल्यानी, ता सगळा त्येंच्या घरकाराक लागू होव दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ गरजली. "होय महाराजा!" मिस्टर त्यांच्यात सामील झाले, हात जोडून, मनापासून.

बाईंचे ओठ थांबले. तोंडावरचं रक्त उतरलं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. बाबाही थांबले, कारण ज्याच्यासाठी मागणं आहे त्याचा होकार आला नव्हता. सगळ्या मांडवाने बाईंकडे पाहिलं. "मॅडम, म्हणा ना," दळवीकाका खाली वाकून म्हणाले, "नाहीतर तुम्हाला लागायचं नाही." मागून एका बाईने त्यांच्या खांद्याला हात लावून सांगितलं, "व्हय म्हणा हो बाई, लाजतास कित्याक?" मिस्टरही हसून म्हणाले, "अगं, म्हण की."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडून त्यांच्याकडेच बघत होते, आणि मी हसले. प्रसन्न हसले, त्यांनीच शिकवल्यासारखी. त्यांना कळलं.

"होय... महाराजा," बर्वे बाई म्हणाल्या.

"एकाचा धापट होव दी, म्हाराजा!" दहापट होऊ दे, असं बाबांनी स्वतःच्या पदरचं घातलं, प्रेमाने, आणि मांडव पुन्हा दुमदुमला. त्या रात्री मी शिरवाळ्यांच्या दिवसापासून पहिल्यांदा पोटभर जेवले.

त्यानंतर क्लासमध्ये बाईंनी मला एकदाही उदाहरणाला घेतलं नाही. कुणालाच घेतलं नाही. उंच झाड आणि लाल चेंडू परत आले. आणि मग एक दिवस मुलुंडच्या त्या कारखान्याच्या फाटकाला खरोखरच टाळं लागलं.

बाई मला डोंगराच्या पायथ्याशी नळावर भेटल्या. मी कळशी लावून उभी होते. इस्त्रीची साडी तीच होती, पण डोळ्यांखाली काळं झालं होतं. बायकांपासून मला बाजूला नेऊन त्या म्हणाल्या, "शैला, वडिलांना सांग, ते गाऱ्हाणं परत घ्यायला. मला झोप लागत नाही गं."

"का परत घ्यायचं म्हणून विचारतील ते."

"तू मुद्दाम केलंस ना?"

"हो."

कळशी भरून वाहायला लागली होती. मी नळ बंद केला आणि म्हटलं, "ज्याने घातलं त्यानेच मागे घ्यायचं असतं, बाई. वर चला. फळ्यावर काय लिहिलं होतं तेवढं तुमच्या तोंडाने बाबांना सांगा. मग ते घेतील मागे."

त्या येणार नाहीत, याची मला खात्री होती. बर्वे बाई आणि आमची चढण! पण त्यांनी निऱ्या उचलून धरल्या आणि चढायला लागल्या. मी कळशी घेऊन मागून, आणि दर वळणाला थोडी मागे पडत चालले. आता मला कळत होतं मी काय करून बसले ते. ही बाई वर जाऊन खरं बोलली तर तिची झोप परत येईल, आणि माझे बाबा रोज ज्या शब्दाच्या आधाराने दाढी करून बाहेर पडत होते, तो शब्द जाईल. इतके दिवस मी बाईंना गाठायला निघाले होते, आणि शेवटी त्यांना बाबांच्याच दारात आणून सोडत होते.

बाबा विळीवर नारळ खोवत होते. बाईंना बघून धडपडत उठले, शेजारून खुर्ची आणवली. आईने हात पुसून चहाचं आधण ठेवलं. बाई बसल्या नाहीत.

"तुमच्याशी बोलायचंय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी फळ्यावर मी जे लिहिलं होतं ना..."

"अरे वा!" बाबांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "आयकलंस गो?" हे आईला. "बाई सोताच सांगतत! बाई, माका ता इंग्लिशातच आयकूचा हा. शैलान नुसतो एक शबूद सांगल्यान. तिनय वाक्या सांगा. हिना आयकूक नाय." आणि त्यांनी आईला स्टोजवळून ओढून शेजारी उभं केलं. खोबऱ्याचे हात सदऱ्याला पुसले आणि दोघं उभी राहिली, शाळेत तपासनीस आल्यावर पोरं राहतात तशी.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मला माहीत नाही. सूड नव्हता, एवढं नक्की. मी त्यांच्यापुढे हात जोडायचीच काय ती राहिले होते. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हात जोडायचे नाहीत. आमच्या घरातले जोडलेले हात त्यांना एकदा मिळाले होते.

"सांगा ना, बाई," मी म्हटलं. "तिन्ही जागांची. मी मराठी करून सांगते."

बाई आईबाबांकडे वळल्या. आवाज बसला होता. "शैला हॅज अ हार्डवर्किंग फादर."

"शैलाचो बापूस कष्टाळू असा," मी सांगितलं.

"हर फादर इज ऑनेस्ट."

"तिचो बापूस प्रामाणिक असा."

तिसऱ्या जागेला त्या त्याही दिवशी थांबल्या होत्या. त्यांनी बाबांच्या हातांकडे पाहिलं, कोपऱ्यात रचलेल्या हंड्यांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "ही मेड हर स्ट्राँग."

"त्येनी तिका खंबीर केल्यान," मी म्हटलं, आणि माझा आवाज फुटला. आईने पदर डोळ्यांना लावला. बाईंच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी ते पाहिलं आणि मला दया आली नाही. तिन्ही जागा त्यांना त्यांच्या तोंडाने भरायला लावल्या होत्या, व्याकरणात एक चूक न करता, आणि मला गार वाटलं.

"आता ते गाऱ्हाणं तेवढं..." बाई चाचरत म्हणाल्या. "मागे घ्याल का?"

बाबांना आधी समजलंच नाही. समजल्यावर ते मोठ्याने हसले. "मागे घेऊ? बाई, असली वाक्या तर तुमच्या घरकाराक लागूकच होयी! तुमी संकोचतास. देवाक एकदा सांगितला, चाळ व्हय म्हणाली, तुमी व्हय म्हणालात. बरा मागलेला मागे घेतला तर पाप लागात माका." आणि त्यांनी बाईंच्या हातात अर्धा नारळ ठेवला.

बाई दारापर्यंत गेल्या. मी चपला दाखवायला मागून गेले. उंबऱ्यापाशी त्यांनी माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "शैला, आता हेच लागेल ना गं? आज म्हटलं ते?"

एक होकार द्यायला माझं काही जात नव्हतं. मी म्हटलं, "गाऱ्हाणं फळ्यावरच्या वाक्यांचं होतं, बाई."

त्या नारळाची वाटी हातात धरून उतरून गेल्या. कारखाना बरेच महिने बंद होता. मिस्टर बनियनवर गॅलरीत बसलेले असायचे, आणि क्लासहून निघताना मी मान वर करून बघायचे, बाईंना दिसेल अशी. गाऱ्हाण्याने कारखान्यांना टाळी लागत नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. बाईंना माहीत नव्हतं, तेवढं मला पुरेसं होतं. पुढे मिस्टरांना दुसरीकडे नोकरी मिळाली आणि ती माणसं ठाण्याकडे राहायला गेली. मी मात्र इंग्रजी सोडलं नाही. हट्टाने शिकले, हट्टाने शिकवलं. विशेषणाचा धडा आला की उदाहरणाला चाळीतलं मांजर घ्यायचे.

बाबांनी ती तीन वाक्यं माझ्याकडून पाठ करून घेतली. आल्यागेल्याला ऐकवायचे, साचेखात्यातल्या आवाजात, आणि तिसऱ्या वाक्याला माझ्याकडे बोट करायचे. शेवटच्या आजारात आवाज गेला होता, तेव्हा नर्सला खुणेने जवळ बोलावून पुटपुटले. ती मला म्हणाली, आजोबा चांगलं इंग्लिश बोलतात.

हे सगळं मी लिहून काढलेलं वाचून माझ्या मुलीने विचारलं, "आई, बिचारीने घरी येऊन म्हटलं ना सगळं चांगलं? अजून माफ नाही केलंस?" मी तिला सांगितलं, नाही. डस्टर त्यांच्या हातात होतं.